‘सर, उबंटू उडालं’: बूटचा मेनू गायब झाला तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आमच्या कॉलेजच्या लॅबच्या दारात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी लॅपटॉप छातीशी धरून उभं असतं. लॅपटॉपमध्ये विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असतात, म्हणजे ‘ड्युअल बूट’, आणि त्यातलं एक निवडायचा मेनू हरवलेला असतो. बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यातला बुधवार किंवा गुरुवार असतो. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ते रात्री उशिरा उतरतात आणि सकाळी पोरं रडकुंडीला येतात. त्यातलं प्रत्येक अपडेट बूटला, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या साखळीला, हात लावतं असं नाही. पण काही लावतात, आणि बायोसचं (मदरबोर्डवरच्या, सगळ्यात आधी सुरू होणाऱ्या प्रोग्रामचं) अपडेटही आता बऱ्याचदा त्याच वाटेने येतं.

‘उडालं’ म्हणून आलेल्या मशीनपैकी खरोखर उडालेली मी फार थोडी पाहिली. त्यातलीही बरीचशी ‘दुरुस्त’ करतानाच उडाली होती. म्हणून क्रम महत्त्वाचा. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

लक्षणं

– बटण दाबलं की थेट विंडोज. निवडायचा मेनू येतच नाही.
– उलटं: थेट लिनक्स सुरू होतं, विंडोजचा पत्ता नाही.
– काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
– ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं झळकतं आणि मशीन आपोआप बंद.
– निळा पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो.
– तीन सिस्टिम आहेत, पण मेनू भलत्याच लिनक्सचा येतो, किंवा नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकूनही मेनूत जुनाच दिसतो.

विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं, हेही लोक घाबरून सांगतात. तो बिघाड नाही. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एकदा चालवा आणि पुढे चला.

मेनू हरवतो म्हणजे काय हरवतं

मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बूटच्या नोंदींची यादी असते. प्रत्येक नोंदीत एक नाव आणि एका फाइलचा पत्ता. त्या फाइली डिस्कवरच्या एका छोट्या फॅट ३२ पार्टिशनमध्ये राहतात, त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. विंडोजने स्वतः बनवलेलं असेल तर ते अनेकदा जेमतेम १०० एमबीचं असतं. त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर, उबंटूचा एक. उबंटूच्या फोल्डरमध्ये शिम नावाची छोटी फाइल. ती सही तपासून ग्रबला, म्हणजे मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामला, उठवते. ग्रब शेजारची एक चिमुकली फाइल वाचतो, तिच्यात खरा मेनू कुठल्या पार्टिशनवर आहे ते लिहिलेलं असतं.

म्हणजे नोंद, शिम, ग्रब, मेनू अशा चार कड्या. तुमची असाइनमेंट, फोटो, प्रोजेक्ट यातल्या एकाही कडीत नाहीत. साखळी तुटली तरी माल जागेवर असतो. म्हणून उबंटू पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ हा पर्याय किती सहज दाबला जातो, ते ज्याने दाबलाय त्याला विचारा.

हात लावण्याआधी: ती ४८ आकडी की

विंडोज चालू होत असेल तर सर्वात आधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. डिस्कला कुलूप लावणारी ही विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. मालकाला पत्ताही नसतो. पुढच्या काही तपासण्यांत आपण सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सेटिंग) किंवा बूटचा क्रम बदलणार आहोत. तो बदल दिसला की बिटलॉकर दार लावून घेतो आणि की मागतो.

की सहसा त्याच खात्यात ऑनलाइन जपलेली असते. दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून ती कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर फाइल करून ठेवणारे मला दरवर्षी भेटतात. कुलपाची चावी कपाटातच ठेवून कपाट लावल्यासारखं आहे ते. की हातात आल्यावर बिटलॉकर तात्पुरता ‘सस्पेंड’ करा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि हे न करता पुढे गेलात तर बाकी सगळं बरोबर करूनही अडकाल.

निळा पडदा आधीच आला असेल तर पडद्यावर की-आयडी दिसतो. खात्यात दोन-तीन की असतील तर त्यावरून जुळवायची.

१. बूटची कळ

लॅपटॉप बंद करू नका, रीस्टार्ट करा. का, ते पुढच्या तपासणीत. कंपनीचा लोगो येण्याआधीपासून बूट मेनूची कळ टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर सहसा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ १२, पण काही मॉडेलवर ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. काही लेनोवोंना कडेला सुईच्या छिद्राएवढं बटण असतं. लॅपटॉप बंद असताना सिमची पिन घालून दाबलं की मेनू येतो.

कळ पकडता येत नसेल तर विंडोजमधूनच जाता येतं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, रीस्टार्ट नाऊ. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडलं की चिपमधल्या नोंदी दिसतात.

या एका तपासणीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात. यादीत उबंटू दिसलं, निवडलं आणि सुरू झालं, तर चारही कड्या शाबूत आहेत, फक्त क्रम बदललाय. तिसऱ्या तपासणीवर जा. यादीत नावच नसेल तर नोंद गेली. नाव आहे पण निवडल्यावर काळा पडदा आला तर बिघाड पुढच्या कड्यांत आहे.

२. फास्ट स्टार्टअप

विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं की मशीन पूर्ण बंद होतं, हा गैरसमज आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून झोपतो. त्यामुळे लिनक्समध्ये गेल्यावर विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. काही लॅपटॉप अशा झोपेतून उठताना कीबोर्डकडे बघतच नाहीत, मग एफ १२ कितीही बडवा. रीस्टार्टला हे लागू नाही, म्हणून वर रीस्टार्ट म्हटलं.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ आणि तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ती परत आलीय का, तेही बघत जा.

३. बूटचा क्रम

बायोसमध्ये जा: बहुतेकांवर एफ २, एचपीवर एफ १०. बूटच्या पानावर ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणि ‘उबंटू’ खाली असेल तर उबंटू वर न्या, सेव्ह करा. दारात आलेली बरीचशी पोरं इथूनच हसत परत जातात.

लिनक्समध्ये शिरता आलं असेल तर टर्मिनलमधूनही हे दिसतं. ‘इएफआयबूटएमजीआर’ चालवलं की नोंदींचे चार आकडी क्रमांक आणि त्यांचा क्रम छापून येतो. तोच हुकूम ‘-ओ’ लावून, हवा तो क्रम स्वल्पविरामाने देऊन, सुडोसकट (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) चालवला की बदलतो. क्रम लागला की त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ‘आधी काय होतं?’ हा वाद उरत नाही.

इथे एक चिवट प्रकार आहे. काही लॅपटॉपचं बायोस क्रम बदलू देतं आणि पुढच्या बूटला गुपचूप विंडोज परत वर आणतं. काही ठिकाणी बायोसला सुपरवायझर पासवर्ड लावल्याशिवाय उबंटूची फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडता येत नाही. एसरवर हे हमखास. पासवर्ड लावलात तर लिहून ठेवा, तो विसरणं हा या पोस्टमधल्या कुठल्याही बिघाडाहून महाग आहे. आणखी एक जालीम उपाय आहे: विंडोजच्या बीसीडीएडिट या कमांडने बूट मॅनेजरच्या नोंदीतला पत्ताच शिमच्या फाइलचा करणं. चालतो. पण मग नोंदीचं नाव विंडोजचं आणि फाइल उबंटूची, आणि पुढच्या वर्षी तो लॅपटॉप उघडणारा माणूस मला शिव्या घालतो. त्यापेक्षा अशा मशीनवर मी सरळ सांगतो की बूटची कळ दाबायची सवय लाव.

४. विंडोज मेनूत नाही

घाबरू नका, विंडोज जागेवर आहे. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो. आणि मेनूत एकच सिस्टिम उरली की उबंटू मेनू दाखवतच नाही, सरळ सुरू होतं. म्हणून एका साध्या अपडेटनंतर ‘मेनूही गेला, विंडोजही गेलं’ असं वाटतं.

‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल सुडोने उघडा. ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीपुढचा हॅश काढा आणि तिची किंमत ‘फॉल्स’ करा. ओळ नसेल तर लिहा. नाव सगळं कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. पळताना ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ दिसली की झालं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर अपडेट-ग्रब नसतं, तिथे ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’.

तीन सिस्टिमवाल्यांचं ‘जुनाच कर्नल दिसतो’ हे दुखणंही इथलंच. मेनू कोणा एका लिनक्सच्या ताब्यात असतो. दुसऱ्यात कर्नल बदलला तर पहिल्याला कळत नाही. ज्याच्या ताब्यात मेनू आहे त्यात जाऊन अपडेट-ग्रब करायचं, दर वेळी.

५. सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन

१३ ऑगस्ट २०२४ चं विंडोज अपडेट आलं आणि जगभर अनेक ड्युअल बूट मशीन उठेनात. पडद्यावर ‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड’ आणि त्याखाली ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. जुन्या, भोक असलेल्या बूटलोडरना अडवणारी एक यादी त्या अपडेटने चिपमध्ये लिहिली. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर ती लिहिली जाणार नव्हती, पण कुठे ड्युअल बूट आहे हे ओळखण्यातच घोटाळा झाला. मायक्रोसॉफ्टने तो मे २०२५ च्या अपडेटमध्ये निस्तरला.

अजूनही हा संदेश मला दिसतो, तो मुख्यतः जुन्या पेनड्राइव्हवर. कोणीतरी २०२१-२२ चा उबंटूचा पेनड्राइव्ह घेऊन येतं आणि मशीन तो नाकारतं. नवी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा, संपलं.

डिस्कवरच्या लिनक्सलाच हे होत असेल तर बिटलॉकरची की हाताशी आहे ना ते परत बघा, मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा आणि लिनक्समध्ये जा. ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ चालवा, रीस्टार्ट करून एकदा पुन्हा लिनक्समध्येच जा, मग अपडेट घेऊन शिम आणि ग्रब नवे करा. शेवटी सिक्युअर बूट चालू. ही शेवटची पायरी सगळे गाळतात.

६. नुसतं ‘ग्रब’ आणि कर्सर

हे दोन कारणांनी होतं आणि पहिलं फुकटचं आहे. मेनू आणायला पोरं एस्केप बडवतात. एकदा दाबलं की मेनू, जास्त वेळा दाबलं की हा पडदा. ‘नॉर्मल’ असं टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप. मेनू आला तर काहीही बिघडलेलं नव्हतं.

दुसरं कारण मात्र खरं आहे. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आली होती. विंडोज ११, अभ्यासाला उबंटू, आणि भावाने आग्रहाने टाकून दिलेलं मिंट, तेही लिनक्सच. गेमला जागा हवी म्हणून तिने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटचं पार्टिशन उडवलं. उबंटूला हातही लावला नव्हता. तरी समोर ग्रब आणि कर्सर.

कारण मिंट हे उबंटूवर उभं आहे आणि ईएफआय पार्टिशनमध्ये फोल्डरही ‘उबंटू’ याच नावाचा वापरतं. दोघं एकाच खोलीत. जो शेवटी इन्स्टॉल होतो तो आधीच्याची चिमुकली फाइल पुसून आपली ठेवतो. मी ती तिला उघडून दाखवली: जेमतेम तीन ओळी. पहिलीत पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक, दुसरीत मेनूच्या फोल्डरचा पत्ता, तिसरीत ‘तिथली फाइल वाच’. तो क्रमांक मिंटच्या पार्टिशनचा होता, जे आता नव्हतं.

असं झालं तर आधी पेनड्राइव्ह वगैरे काढा, नाहीतर डिस्कचे क्रमांक सरकतात. कर्सरपुढे ‘एलएस’ लिहा. कंसात डिस्क आणि पार्टिशनची नावं येतील, एचडी०,जीपीटी१ अशी. मग एकेकाला विचारत जायचं: एलएस, पुढे कंसातलं नाव, लगेच ‘/बूट/ग्रब’. बहुतेक ठिकाणी चूक दाखवेल. एका ठिकाणी फाइलींची यादी येईल. तिच्याकडे जीपीटी५ वर आली. मग ‘कॉन्फिगफाइल’ हा शब्द, जागा सोडून तेच कंसातलं नाव आणि ‘/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’. एंटर मारला आणि उबंटूचा मेनू जसाच्या तसा समोर. पोरगी खुर्चीतून उठलीच.

हे तात्पुरतं आहे. आत गेल्यावर ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ केलं की ती तीन ओळींची फाइल उबंटूच्या पत्त्याने नव्याने लिहिली जाते. आणि उबंटू-मिंट ही जोडी एका लॅपटॉपवर ठेवूच नका. दुसरं लिनक्स हवंच तर फेडोरा घ्या, त्याचा फोल्डर वेगळा असतो.

७. पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

वरचं काहीच लागू पडलं नाही, किंवा नोंदच गायब आहे, तर उबंटूच्या ताज्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ करून सुरू करा. बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर ‘यूईएफआय’ (बूटची नवी पद्धत) लिहिलेला निवडा. जुन्या पद्धतीने सुरू केलंत तर ग्रब जुन्या पद्धतीचाच बसवला जाईल आणि एकाचे दोन प्रश्न होतील.

‘बूट-रिपेअर’ हे तयार साधन आहे. त्याचं नेहमीचं ‘रेकमेंडेड रिपेअर’ पुरतं. प्रगत टॅबमधली बटणं कळत नसतील तर दाबू नका.

हाताने करणाऱ्यांसाठी: उबंटूचं मूळ पार्टिशन माउंट, त्याच्या आत ‘/बूट/ईएफआय’वर ईएफआय पार्टिशन, मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर आत जोडायचे, क्रूट, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. यात घोडं अडतं ते सिसपाशी. तो नुसत्या ‘बाइंड’ने जोडला तर चिपमधल्या नोंदी आतून दिसत नाहीत, ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ असं येतं, फाइली बसतात पण नोंद होत नाही. ‘आरबाइंड’ वापरा. फेडोरावर सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रब२-इन्स्टॉल करूच नका, डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज-साधनाने शिम आणि ग्रबची पॅकेजं ‘रीइन्स्टॉल’ करा.

ग्रब-इन्स्टॉल जागा नाही म्हणालं तर ते १०० एमबीचं पार्टिशन भरलंय. काढून टाकलेल्या लिनक्सचा फोल्डर तिथे पडलेला असू शकतो, तेवढाच काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरना हात नको.

इथे थांबा

बायोसमध्ये डिस्कच दिसत नाही, किंवा कधी दिसते कधी नाही: हा बूटचा प्रश्न नाही, डिस्क चाललीय. ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्कच्या तब्येतीच्या, अहवालात ‘फेल’ असेल तरी तेच. आत महत्त्वाचं काही असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक प्रयत्न उरलंसुरलं खातो.

चुकून डेटा असलेलंच पार्टिशन उडवलंत: त्या डिस्कवर काहीही लिहू नका, नवं इन्स्टॉल तर नाहीच. ‘टेस्टडिस्क’ने परत आणता येतं, पण पूर्ण डिस्कची प्रत काढता येत नसेल तर स्वतः प्रयोग करू नका.

दर वेळी तारीख जुनी आणि बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर: आतला बटणसेल संपला. काही लॅपटॉपमध्ये तो वायरने जोडलेला असतो. वॉरंटी असेल तर झाकण उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

बायोसचा पासवर्ड माहीत नाही, विशेषतः सेकंडहँड मशीनवर: खरेदीचं बिल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटर. दुसरा रस्ता शोधू नका.

बिटलॉकरची की कुठेच सापडत नाही: ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यांच्या आयटीवाल्यांकडे ती असू शकते. नसेल तर कोणीही तो डेटा काढून देऊ शकत नाही, आणि ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दुकानात लॅपटॉप द्यायची वेळ आलीच तर झाकणावर कागद चिकटवा: ‘यात दोन सिस्टिम आहेत. फॉरमॅट मारू नये.’ तोंडी सांगू नका. काउंटरवर ऐकणारा एक असतो आणि आत मशीन उघडणारा दुसरा.